एका सतरंजीवरची सासू-सून : रीमा लागू यांची आठवण

आमच्या केजच्या घरात टीव्ही आला तेव्हा आम्ही शाळेत होतो. चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट, पुढे सरकत्या शटरचा. पत्र्यावर अँटेना उभा केला आणि त्याचं तोंड अंबाजोगाईच्या टॉवरकडे वळवलं. वारा सुटला की अँटेना फिरायचा आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग भावंडांपैकी एकाने पत्र्यावर चढायचं, दुसऱ्याने दारात उभं राहायचं आणि तिसऱ्याने आतून ओरडायचं, "आया... आया... गया!" हा सगळा खेळ वीज असली तरच. नसली तर अंगणात बाज टाकून चांदण्या मोजायच्या.

त्या घरात आमच्या अम्मी होत्या आणि नुकतीच लग्न होऊन धारूरहून आलेली भाबी होती. अम्मी तिला 'दुल्हन' म्हणत. दोघीही मनाने चांगल्या, पण स्वयंपाकघर एक आणि बायका दोन. सालनात मिरची किती, भाकरी आधी कोणाच्या ताटात, नळाला पाणी आलं तेव्हा घागरी कोणी भरल्या, एवढ्या तेवढ्यावरून ठिणगी पडायची. एकदा तर पंधरा दिवस अबोला चालला. एकाच खोलीत बसून दोघी आमच्या तोंडून निरोप पाठवायच्या. "दुल्हन कू बोलो, दूध उतू जा रा." "अम्मी कू बोलो, मेरेकू दिखरा." अब्बा दोघींपैकी कोणाचीच बाजू घेत नसत. ते गुपचूप टोपी उचलून बाहेर पडत.

त्या अबोल्याच्या दिवसांत एका संध्याकाळी टीव्हीवर सासू-सुनेच्या भांडणाची मालिका लागली होती. तोवर मोहल्ल्यात केबल आली होती. अम्मी सतरंजीच्या एका टोकाला, भाबी दुसऱ्या टोकाला, आम्ही मध्ये. त्या भागात नेमकं काय घडलं ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की पडद्यावरच्या सासूने सुनेला काहीतरी टोमणा मारला, सुनेने तो तितक्याच शांतपणे परत केला, आणि आमच्या सतरंजीच्या दोन्ही टोकांवरून एकाच क्षणी हसू फुटलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग अम्मी म्हणाल्या, "दुल्हन, च्या रख." निरोप्याशिवाय बोललेलं पंधरा दिवसांतलं ते पहिलं वाक्य.

ती मालिका 'तू तू मैं मैं'. ती सासू म्हणजे रीमा लागू. १८ मे २०१७ रोजी त्या गेल्याची बातमी आली तेव्हा आम्हाला आधी त्यांचे सिनेमे आठवले नाहीत. आमची ती सतरंजी आठवली. म्हणून हा लेख.

भडभड्यांची नयन

रीमा लागू यांचं माहेरचं नाव नयन भडभडे. जन्म २१ जून १९५८ चा. आई मंदाकिनी भडभडे या मराठी रंगभूमीवरच्या नावाजलेल्या अभिनेत्री. त्यामुळे विंगेत उभं राहून नाटक पाहणं हे या मुलीला घरच्या ओसरीइतकंच ओळखीचं. लहानपणी 'बेबी नयन' या नावाने त्यांनी काही चित्रपटांत कामही केलं. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागा शाळेत झालं. मुलींच्या शिक्षणासाठी महाराष्ट्रात ज्या अगदी सुरुवातीच्या शाळा निघाल्या, त्यांपैकी ही एक.

शिक्षण झालं आणि त्या युनियन बँक ऑफ इंडियात नोकरीला लागल्या. आजच्या मुलींना ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पुढे सबंध देशाची 'आई' झालेली ही बाई सुमारे दहा वर्षं बँकेत काम करीत होती. दिवसा बँक आणि संध्याकाळी तालीम किंवा प्रयोग, असा तो क्रम. बँकांच्या आपापसांतल्या नाट्यस्पर्धा त्या काळी जोरात असत. मराठी रंगभूमीला कितीतरी गुणी नट बँका, रेल्वे आणि विमा कंपन्यांनी दिले. महिन्याच्या पगाराचा आधार होता म्हणून त्यांना हवं ते नाटक करता आलं. कलेवर पोट अवलंबून नसेल तर नको त्या कामाला 'नाही' म्हणण्याची ताकद राहते.

नट विवेक लागू यांच्याशी १९७८ साली त्यांचं लग्न झालं आणि नयन भडभडे रीमा लागू झाल्या. काही वर्षांनी दोघं वेगळे झाले. मुलगी मृण्मयी. रीमाताईंनी या वेगळं होण्याचा कधी बाजार मांडला नाही, आणि आपणही त्यात अधिक डोकावण्याचं कारण नाही. सासरचं आडनाव मात्र शेवटपर्यंत त्यांच्या नावापुढे राहिलं.

रंगभूमीवर त्यांचं नाव झालं ते गंभीर भूमिकांनी. जयवंत दळवी यांच्या 'पुरुष' नाटकात त्या नाना पाटेकरांसमोर उभ्या होत्या. सत्तेने माजलेला एक पुढारी आणि त्याने जिची अब्रू लुटली ती शिक्षिका, असं ते नाटक. ती शिक्षिका रडत कोपऱ्यात बसत नाही, हिशेब चुकता करते. 'सविता दामोदर परांजपे' या नाटकातल्या त्यांच्या कामाचीही लोक अजून आठवण काढतात. जब्बार पटेल यांच्या १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये त्या दिसल्या. गोविंद निहलानींचा 'आक्रोश' आणि श्याम बेनेगलांचा 'कलयुग' या चित्रपटांतही त्यांनी छोटी कामं केली. पुढे विनोदी मालिकांत ही बाई इतकी सहज का वाटली, याचं उत्तर इथे आहे. दुःख करून दाखवता येणाऱ्याला विनोदही साधतो. त्याचं हसू पोकळ होत नाही.

तिशीतच आई

आता थोडा हिशेब मांडू, म्हणजे या बाईच्या वाट्याला काय आलं ते कळेल.

'कयामत से कयामत तक' १९८८ साली आला. त्यात रीमा लागू जुही चावलाच्या आई झाल्या, तेव्हा त्यांना तिसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. दुसऱ्याच वर्षी 'मैंने प्यार किया'मध्ये सलमान खानची आई. सलमान त्यांच्यापेक्षा साडेसात वर्षांनी लहान. १९९९ च्या 'वास्तव'मध्ये संजय दत्तची आई. संजय दत्तचा जन्म २९ जुलै १९५९ चा, म्हणजे आई मुलापेक्षा जेमतेम तेरा महिन्यांनी मोठी! ज्या चित्रपटात चाळिशीचा पुरुष नायक असतो, त्याच चित्रपटात एक्केचाळिशीची बाई त्याची आई असते. आपल्या सिनेमाचा हा न्याय. घराघरांतही तोच. पुरुष पन्नाशीत 'अजून तरणा' आणि बाई चाळिशीत 'आता वय झालं'.

दुसरी एखादी कुढत बसली असती. रीमाताईंनी मिळालेल्या आईलाच बदललं. त्यांच्या आधी हिंदी सिनेमातली आई म्हटलं की पांढरी साडी, शिवणयंत्र, खोकला आणि देवासमोर गाऱ्हाणं. रीमा लागूंची आई नीटनेटकी साडी नेसलेली, हसतमुख, मुलाच्या मनातलं ओळखणारी आणि वेळ आली तर नवऱ्यासमोर मुलाची बाजू घेणारी. 'हम आपके हैं कौन', 'कुछ कुछ होता है', 'कल हो ना हो' अशा कितीतरी चित्रपटांत ही आई प्रेक्षकांना भेटली. 'हम साथ साथ हैं'मध्ये तीच आई कान भरल्यामुळे सावत्र मुलावर अन्याय करते आणि मग पस्तावते. 'वास्तव'मध्ये तर ती पोटच्या मुलाला गोळी घालून त्याच्या यातना संपवते. 'मैंने प्यार किया', 'आशिकी', 'हम आपके हैं कौन' आणि 'वास्तव' या चार चित्रपटांसाठी सहायक अभिनेत्री म्हणून त्यांचं नाव फिल्मफेअरच्या यादीत गेलं. चारही वेळा बाहुली दुसऱ्या कोणाला मिळाली.

सिनेमाने त्यांना आई केलं. त्या आईला हसायला आणि भांडायला लावलं ते टीव्हीने.

दूरदर्शनवरचं हसू

टीव्हीवरच्या विनोदी मालिकांची परंपरा आपल्याकडे १९८४ च्या 'ये जो है जिंदगी'पासून धरली जाते. तिच्यात शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी आणि सतीश शाह होते. शफीभाई मूळचे कोकणातल्या दापोली तालुक्यातले. मराठी, गुजराती आणि हिंदी या तिन्ही रंगभूमींवर वावरलेला हा आपला माणूस १९९६ साली अकाली गेला. पुढे 'देख भाई देख'मध्ये फरीदा जलाल आणि शम्मी आल्या. 'जबान संभालके'मध्ये शुभा खोटे आणि त्यांची लेक भावना बलसावर आल्या. या बायकांनी सिद्ध केलं की विनोदासाठी बाईला वेंधळं किंवा जाड दाखवायची गरज नाही. बाईची हुशारीही हसवू शकते.

रीमाताई टीव्हीवर तशा लवकर आल्या, १९८५ च्या 'खानदान' मालिकेतून. पण घराघरांत त्यांचं नाव झालं ते १९९४ च्या सुमारास, 'श्रीमान श्रीमती'मुळे. दोन शेजारी घरं. एका घरात केशव कुलकर्णी म्हणजे जतीन कनाकिया आणि त्यांची बायको कोकिळा म्हणजे रीमा लागू. शेजारी सिनेनटी प्रेमा शालिनी, म्हणजे अर्चना पूरणसिंग, आणि तिचा घर सांभाळणारा नवरा दिलरुबा, म्हणजे राकेश बेदी. याला तिची बायको आवडते, त्याला याची. दोन्ही नवऱ्यांची फजिती आणि शेवटी पुन्हा आपापलं घर.

विषय निसरडाच होता. आमच्या अब्बांनी पहिल्याच दिवशी बटण बंद केलं होतं. मग अम्मींनीच ते परत चालू केलं. म्हणाल्या, "वो कोकी अच्छी औरत है." चार शब्दांत अम्मींनी जे सांगितलं, तेच या भूमिकेचं मर्म होतं. भोवती सगळी गंमत चाललेली असते, शेजारी तिच्याभोवती घोटाळत असतो, नवरा शेजारणीच्या दारात ताटकळत असतो, आणि ही कोकी आपल्या साधेपणाने आणि घरंदाजपणाने सगळं तोलून धरते. तिचा एक शब्द जरी सैल पडला असता तरी ती मालिका घरात बसून पाहण्यासारखी राहिली नसती. जतीन कनाकिया १९९९ साली कर्करोगाने गेले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या, त्यांत 'श्रीमान श्रीमती'ही होती. दाराला कडी लावून बसलेल्या लोकांना कोकी आणि केशव पुन्हा भेटले, तेव्हा दोघांपैकी कोणीच हयात नव्हतं.

देवकी आणि राधा

'तू तू मैं मैं'ही १९९४ चीच. दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर सुरू झाली, नंतर स्टार प्लसवर गेली आणि २००० सालापर्यंत चालली. दिग्दर्शक सचिन पिळगावकर. सून राधा म्हणजे त्यांच्या पत्नी सुप्रिया. सासू देवकी म्हणजे रीमा लागू. मुलगा महेश ठाकूर आणि सासरे कुलदीप पवार. म्हणायला वर्मा कुटुंब, हिंदी बोलणारं. पण सासू, सून, सासरे आणि दिग्दर्शक असे चौघेही मराठी रंगभूमीत आणि मराठी सिनेमात मुरलेले. मराठी नाटकाला सासू-सुनेच्या जुगलबंदीची जुनी सवय. ती सवय हिंदीचा पदर घेऊन साऱ्या देशात फिरून आली.

इथेही वयाचा हिशेब गमतीचा आहे. सुप्रिया यांचा जन्म ऑगस्ट १९६७ चा. म्हणजे सासू सुनेपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. खऱ्या आयुष्यात दोघी थोरली आणि धाकटी बहीण शोभल्या असत्या. पण पडद्यावर देवकी कमरेला पदर खोचून उभी राहिली की कोणाला तसं वाटलं नाही.

या मालिकेत दरवेळी फार मोठं काही घडत नसे. वाद घरातलाच, आपल्या तुमच्या घरांत होतो तसा. तरीही लोक दर आठवड्याला वाट पाहत. आम्ही नंतर मोठेपणी पुन्हा काही भाग पाहिले, तेव्हा रीमाताई काय करतात ते थोडंफार उमगलं.

एक तर त्या हसवताना स्वतः हसत नाहीत. देवकीला तिचा राग पूर्ण खरा वाटतो. तिच्या दृष्टीने हा विनोद नाहीच, हा तिच्या संसाराचा प्रश्न आहे. ती जितकी गंभीर, तितकं आपल्याला जास्त हसू येतं. दुसरं म्हणजे टोमणा मारण्याआधी त्या क्षणभर थांबतात. सुनेकडे पाहतात, मग भिंतीकडे पाहतात आणि मग अगदी मऊ आवाजात बोलतात. रागाचे शब्द मऊ आवाजात आले की जास्त लागतात, हे घराघरातल्या सासवांना ठाऊक असतंच. रीमाताईंनी ते पडद्यावर आणलं. तिसरं म्हणजे हरल्यावरचा चेहरा. भागाच्या शेवटी बाजी सुनेने मारली तर देवकीच्या डोळ्यांत चरफड असते, पण तिच्याखाली थोडं कौतुकही असतं, की पोरगी तयार आहे. ते कौतुक दिसलं नसतं तर ही मालिका म्हणजे नुसता कलकलाट झाला असता.

पण सगळ्यांत महत्त्वाचं आम्हाला वाटतं ते वेगळंच. या भांडणात दोघी बरोबरीच्या होत्या. सासू राक्षसीण नव्हती आणि सून गरीब गाय नव्हती. दोघींनाही तोंड होतं, दोघींनाही डोकं होतं. आणि बाहेरचं कोणी घरात ढवळाढवळ करायला आलं की दोघी एका बाजूला. ज्या घरात भांडायची मोकळीक असते, त्या घरात भीती नसते. जिथे सुनेचा आवाज कधीच ऐकू येत नाही, तिथे शांतता आहे असं शेजाऱ्यांना वाटतं. ते खरं असतंच असं नाही. आपल्या मोहल्ल्यांत अशी मुकी घरं आम्ही पाहिली आहेत, आणि त्या घरांतल्या मुली माहेरी येऊन न बोलता नुसत्या बसून राहिलेल्याही पाहिल्या आहेत.

आमच्या घरात गंमत अशी झाली की अम्मींना वाटायचं, ती राधा म्हणजे हुबेहूब आपली दुल्हन. भाबीला वाटायचं, ती देवकी म्हणजे हुबेहूब आपली सास. दोघीही दुसरीला पाहून हसत. भाबीने तर मनातल्या मनात अम्मींचं नावच देवकी ठेवलं होतं. अम्मी जास्त चिडल्या की ती आमच्या कानात पुटपुटायची, "देवकी आ गई." एक दिवस अम्मींनी ते ऐकलं. आम्हाला वाटलं, आता खैर नाही. अम्मी क्षणभर थांबल्या, भाबीकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "हौ राधा, आ गई." त्या दिवसानंतर आमच्या घरात भांडणं थांबली असं नाही. पण भांडण वाढू लागलं की दोघींपैकी कोणीतरी हे नाव घ्यायची आणि आवाज खाली यायचा.

वारं फिरलं

२००० साल टीव्हीच्या इतिहासात मोठं आहे. 'तू तू मैं मैं' त्या वर्षापर्यंत चालली आणि त्याच वर्षी ३ जुलैला स्टार प्लसवर 'क्यूंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. वाहिनी तीच, नातं तेच, पण घर बदललं. दोन-तीन खोल्यांचं घर जाऊन हवेली आली. साधी साडी जाऊन झोपतानाही दागिने आले. टोमण्याची जागा कटकारस्थानांनी घेतली. सासू-सुना एकमेकींशी बोलण्याऐवजी कॅमेऱ्याकडे बघून डोळे वटारू लागल्या आणि मागे ढोल वाजू लागले.

त्या मालिकाही बायकांनीच आवडीने पाहिल्या, आमच्या घरातही पाहिल्या. पण एक फरक आमच्या लक्षात आला. 'तू तू मैं मैं' पाहून उठताना अम्मी आणि भाबी एकमेकींना चिडवत उठायच्या. नव्या मालिका पाहून उठताना दोघी गप्प असायच्या, आणि डोळ्यांत थोडा संशय असायचा. पडद्यावर काय पाहिलं याचा घरावर परिणाम होतो की नाही, यावर मोठे लोक वाद घालतात. आम्ही आमच्या घरातलं सांगतो.

रीमाताईंनी त्यानंतरही विनोदाचा धागा सोडला नाही. झी मराठीवर २०१३ साली आलेल्या 'तुझं माझं जमेना'मध्ये त्या पुन्हा सासू झाल्या आणि सूनही पुन्हा तोडीस तोड मिळाली. मराठी सिनेमात 'अनुमती', 'जाऊ द्या ना बाळासाहेब' असे चित्रपट केले. मोहन जोशींबरोबरचा 'होम स्वीट होम' तर त्या गेल्यानंतर, २०१८ साली पडद्यावर आला.

त्यांची शेवटची मालिका 'नामकरण', २०१६ ची. तिच्यात त्या दयावंती मेहता झाल्या होत्या, अहंकारी आणि कठोर आजी. ज्या बाईने सासूला माणूस केलं होतं, तिलाच अखेर टीव्हीने खलनायिका केलं. पण तिथेही काम चोख. १७ मे २०१७ च्या संध्याकाळपर्यंत त्या त्याच मालिकेच्या चित्रीकरणात होत्या. रात्री छातीत दुखू लागलं, मुंबईच्या कोकिलाबेन रुग्णालयात नेलं आणि पहाटे हृदय बंद पडलं. एकोणसाठावा वाढदिवस महिनाभरावर आला होता.

इथे एक गोष्ट बहिणींसाठी थांबून सांगतो. छातीतलं दुखणं बायका 'पित्त असेल' म्हणून अंगावर काढतात. सगळ्यांची जेवणं होऊ देतात, भांडी घासतात आणि मग पडतात. हृदयाचा आजार हा पुरुषांचाच असतो हा समज चुकीचा आहे. बायकांमध्ये कधी नुसता थकवा, धाप, मळमळ, किंवा पाठ आणि जबडा दुखणं एवढीच लक्षणं दिसतात. केजसारख्या गावाहून मोठ्या दवाखान्यात जायचं तर अंबाजोगाई किंवा बीड गाठावं लागतं, वाटेतच वेळ जातो. म्हणून आधीच उठायचं. घर तासाभराने आवरलं तरी चालतं.

लेकीच्या हातात लेखणी

रीमाताईंची मुलगी मृण्मयी लेखनाकडे वळली. २०२० साली आलेल्या अनुभव सिन्हा यांच्या 'थप्पड' चित्रपटाच्या लेखनात तिचा वाटा आहे. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर नवरा बायकोला एक थोबाडीत देतो. बाकी सगळे म्हणतात, एकच तर मारली. ती म्हणते, एकही का? सासूही त्या चित्रपटात आहे आणि ती दुष्ट नाही. तिनेही आयुष्यभर सोसलेलं आहे. आईने 'पुरुष'मध्ये जे रंगमंचावर मांडलं आणि देवकी होऊन जे हसत हसत सांगितलं, तेच लेकीने कागदावर उतरवलं असं आम्हाला वाटतं. घरात राहणाऱ्या बाईला मान हवा, मग ती सासू असो की सून.

सतरंजी अजून आहे

अम्मींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात त्या आठ महिने अंथरुणावर होत्या आणि त्यांचं सगळं भाबीने केलं. अंघोळ, औषधं, कूस बदलणं, सगळं. आम्ही पोटची मुलं होतो, पण त्या रात्री हाक मारायच्या ती 'दुल्हन' अशीच. त्यांच्यातलं भांडण मात्र शेवटपर्यंत चालू राहिलं. "सूप में नमक नै." "डॉक्टर ने मना किया ना, अम्मी." "डॉक्टर की सास को पूछ." मग दोघी हसायच्या. अम्मींना तेव्हा हसतानाही धाप लागायची.

आता भाबी स्वतः सास आहे. सून पुण्यात शिकलेली आहे, केजच्या शाळेत शिकवते आणि तिला तोंडही आहे. मागच्या ईदला आम्ही सगळे जमलो होतो. शीरखुर्मा झाला आणि मुलांनी मोबाइलवर 'तू तू मैं मैं'चा जुना भाग लावला. भाबी आणि तिची सून एकाच उशीला टेकून पाहत होत्या. देवकीने टोमणा मारला. सून खळखळून हसली आणि तिने सासूकडे पाहिलं. आम्ही भाबीला विचारलं, "क्या भाबी, अब भी अम्मी सरीकी दिखती क्या देवकी?"

भाबीने चष्मा पुसला. म्हणाली, "नै रे. अब मेरेकू मैं दिखती."

पंचवीस वर्षांपूर्वी जी दुसरीला हसत होती, ती आता स्वतःला हसत होती. रीमा लागू यांना फिल्मफेअरची बाहुली चार वेळा हुकली. आमच्या केजच्या घरात त्यांना काय मिळालं, ते त्यांना कधी कळलं नाही. म्हणून निदान वाचकांना तरी कळावं.